चाकोच्या रस्त्यावरचे एकवीस दगड

मी सातवीत असताना इतिहासाच्या पुस्तकात रोमन रस्त्याचं एक चित्र होतं. खाली मोठे दगड, वर लहान, त्यावर खडी, मधे किंचित उंचवटा आणि दोन्ही बाजूंना गटार. मी ते नानांना मोठ्यानं वाचून दाखवलं. नाना जेवत होते. त्यांनी घास थांबवून विचारलं, "मग ह्यात नवं काय? आमी तेच करतो की. त्यांचा मुकादम कोन व्हता?"

नाना म्हणजे माझे वडील. बांधकाम खात्यात मैलकुली होते. नव्या मुलांना हा शब्द ठाऊक नसेल. रस्त्याचा एक तुकडा एका माणसाच्या ताब्यात असायचा. त्यानं खड्डे बुजवायचे, साइडपट्टीचं गवत काढायचं, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोऱ्यांची तोंडं मोकळी ठेवायची, दरड आली तर दगड उचलायचे. नानांकडे पाटण तालुक्यातल्या एका घाटरस्त्याचे चार किलोमीटर बत्तीस वर्षं होते. त्याच चार किलोमीटरवरून मी शाळेत गेले, मग कॉलेजात, आणि आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले. म्हणून पदवी मिळाली तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं होतं की एक दिवस तुम्हाला रोमन रस्ता दाखवीन.

आता मी टेक्सासमध्ये शुगर लँडला राहते, पाइपलाइनच्या कंपनीत इंजिनिअर आहे. आई गेल्याला दोन वर्षं झाली. नाना गावी एकटे असतात. गेल्या नोव्हेंबरात मी त्यांना सहा महिन्यांसाठी आणलं, आणि खरं सांगायचं तर परत पाठवण्यासाठी आणलं नव्हतं. मी इथली नागरिक आहे, वडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करू शकते. कागद भरून ठेवले होते. फक्त त्यांची सही हवी होती. डिसेंबरात विचारलं, संक्रांतीला विचारलं, होळीला विचारलं. प्रत्येक वेळी ते म्हणाले, "बगू."

मी थकले होते. दिवसा ऑफिस, संध्याकाळी फ्रीवेवर तास-सव्वा तास, घरी आल्यावर नाना गॅरेजच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. आमच्या कॉलनीतल्या रस्त्याच्या गटाराच्या जाळीवर साचलेली पानं ते रोज हातानं काढायचे. तेवढंच काम त्यांना तिथे सापडलं होतं. एप्रिल उजाडला. त्यांचं परतीचं तिकीट सात मेचं होतं. म्हटलं, इटली काही जमत नाही, पण या देशात जे सर्वात जुने रस्ते आहेत ते तरी दाखवू. चार दिवस दोघंच असू. तिथे ते हो म्हणतील.

न्यू मेक्सिकोत चाको कॅन्यन म्हणून जागा आहे. हजारेक वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी दगडी वाडे बांधले आणि त्या वाड्यांपासून उंच माळावर चहूकडे रस्ते काढले. आमच्या ओळखीच्या जोशीकाकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, पडक्या भिंती बघायला आपल्याकडे काय कमी आहेत? ग्रँड कॅन्यनला ने ना त्यांना!" नवरा म्हणाला, "यार, निदान कुठे नेटवर्क असेल अशा जागी तरी जा." दोघांचंही बरोबर होतं. तरी गेले.

पहिला दिवस, क्यूबा

ह्यूस्टनहून विमानानं अल्बुकर्की, तिथून भाड्याची गाडी. दोन तासांवर क्यूबा नावाचं छोटं गाव आहे. एक पेट्रोल पंप, दोन मोटेल, एक खानावळ. आमचं शुगर लँड पाटासारखं सपाट आणि दमट. इथे जवळजवळ सात हजार फुटांवर हवा इतकी कोरडी की बोलताना ओठ फाटतात. सामान खोलीत न्यायला मला दोन वेळा थांबावं लागलं.

खानावळीत बाई विचारते, लाल की हिरवी? म्हणजे मिरचीचा रस्सा कुठला. या राज्यात हा प्रश्न प्रत्येक ताटाला विचारतात. नानांना सांगितल्यावर ते म्हणाले, "दोन्ही आण म्हणावं." दोन्ही आले. निळ्या मक्याच्या पातळ भाकऱ्याही आल्या, राखाडी-जांभळ्या. नानांनी त्या आधी हुंगल्या, मग कडेनं मोडून बघितल्या.

"रेखा, ही थापलेली न्हाय. दाबलेली हाय."

"खा हो."

"खातोय की. चव झाक हाय. पन आपल्या मिरचीची भाजी केली आसती तर मानसं पळून गेली आसती. हिच्यात मिरची किती आन् पानी किती!"

बाईनं मला विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, आवडलं म्हणतात. नाना माझ्याकडे बघत राहिले. त्यांना इंग्रजी येत नाही, पण भाषांतरात काय गळलं ते त्यांना कळतं.

पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. कागदही त्याच पिशवीत, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. त्या रात्री काढले नाहीत. मला झोप आली होती.

दुसरा दिवस, कच्चा रस्ता

मोठा हायवे सोडला की चाकोपर्यंत वीसेक मैल, त्यातला बराचसा कच्चा. रस्ता पन्हळी पत्र्यासारखा लाटालाटांचा झालेला. गाडी इतकी थडथडते की दात दातावर आपटतात. मी हळू चालवू लागले.

"हळू नगं. जरा जोरात घे, मग लाटंच्या डोक्यावरनं जाशील," नाना म्हणाले.

"उलटी होईल गाडी."

"तुज्या जल्माच्या आधीपासनं रस्ता बगतोय मी."

जोरात घेतली. खरंच थडथड कमी झाली. मग एक खोल चर आला, गाडी आपटली आणि पुढचं चाक बसलं. नाना म्हणाले, "चर बगाय पायजे व्हता."

स्पेअर चाक काढत होतो तेवढ्यात समोरून पिवळा ग्रेडर आला. खाली लांब पातं असलेलं, रस्ता खरवडून सपाट करणारं यंत्र. चालवणारा साठीचा, तिथल्या नवाहो जमातीचा माणूस, डोक्यावर टोपी, कानामागे पेन्सिल. तो उतरला, एका शब्दानं न विचारता जॅक माझ्या हातून घेतला. चाक बदलून झाल्यावर नाना त्याच्या यंत्राभोवती फिरू लागले. मी सांगितलं की माझे वडीलही रस्त्यावर काम करायचे.

त्यानं विचारलं, "किती मैल त्यांच्याकडे?"

मी नानांना विचारून सांगितलं, चार किलोमीटर.

तो हसला. हातानं आडवं दाखवलं: इथून क्षितिजापर्यंत सगळं त्याच्याकडे. नानांनी विचारलं, "गँग किती मानसांची?"

"मी एकटाच."

"मग ह्याला म्हनावं, तुजं यंत्र मैलकुली हाय, तू न्हाईस." मी हे भाषांतर केलं. या वेळी काही गाळलं नाही. तो माणूस इतका हसला की त्याला टोपी सावरावी लागली. मग त्यानं सांगितलं, त्या टेकाडामागे त्याच्या आईचं घर आहे, पाऊस झाला की पहिला तोच रस्ता तो मोकळा करतो, साहेबांनी काहीही सांगू दे. आणि मग सहज विचारलं, "हे इथे आहेत, तर त्यांचे चार किलोमीटर कोण बघतं?"

नानांना सांगितलं. ते पात्यावर हात ठेवून उभे होते.

"कोन न्हाय. माज्यानंतर जागाच भरली न्हाय. ठेकेदार येतो वरसातनं एकदा, डांबर ओतून जातो. मोऱ्या कोन काढत न्हाय."

"मग?"

"मग मीच काढतो. मे महिन्यात."

रिटायर होऊन तेरा वर्षं झालेला माणूस मे महिन्यात एकटा फावडं घेऊन मोऱ्या काढतो, हे मला त्या माळावर, एका अनोळखी माणसासमोर कळलं. दर रविवारी मी फोन करते. कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही फक्त दरीतले वाडे पाहिले. दगडाची कामं इतकी बारीक की नाना भिंतीपाशी वाकून फटी मोजत राहिले. मी गाडीत बसून पाणी पीत होते. डोकं दुखत होतं.

तिसरा दिवस, कातळावर

रस्ते दरीत दिसत नाहीत, वर माळावर दिसतात. तिथे जायला एका वाड्यामागून कड्यातल्या चिरेत शिरावं लागतं. जेमतेम एक माणूस मावेल एवढी फट, मधे अडकलेले धोंडे. मला भीती नानांच्या गुडघ्याची होती. एकाहत्तर वर्षांचे नाना चपला हातात घेऊन वर गेले आणि वरून मला हात दिला. मी बेचाळीस वर्षांची, धापा टाकत.

वर सगळा उघडा पिवळा कातळ. वारा थांबतच नाही. पाऊलवाटेवर दगडांच्या लहान राशी रचून दिशा दाखवली आहे, आणि वाट सोडू नका अशा पाट्या आहेत. अर्ध्या तासानं समोरच्या कड्यात कोरलेल्या पायऱ्या दिसल्या. रस्ता माळावरून सरळ येतो, कडा लागला तरी वळत नाही, पायऱ्या होऊन सरळ खाली उतरतो.

नाना बराच वेळ बघत राहिले. "ह्यांच्याकडं बैल नव्हतं," ते म्हणाले.

मी माहितीपत्रकात तेच वाचलं होतं. बैल नव्हते, घोडे नव्हते, चाकही नव्हतं. विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"वळान न्हाय. बैलाला वळान द्यावं लागतं, त्याला खडा चढ झेपत न्हाय. मानूस कसाबी चढतो." मग थोड्या वेळानं, "तुजं रोमन भारी आसतील. पन हे डोक्यावर माती वाहून केलेलं हाय."

मुख्य रस्ता मात्र माझ्या डोळ्यांना दिसत नव्हता. माळावरच्या पडक्या वाड्यामागे, पुएब्लो आल्टो नाव त्याचं, तो उत्तरेकडे निघतो असं पत्रकात होतं. मला नुसती झुडपं दिसत होती. नानांनी मला खाली उकिडवं बसायला लावलं आणि बोट केलं. "गवताचा रंग बग. त्या दोन पट्ट्यांच्या मधी." मग दिसला. तीस फूट रुंद, किंचित खोलगट, काठांना मोडक्या दगडांच्या ओळी, आणि शिस्तीत सरळ, नजर पोचते तिथपर्यंत.

"जातो कुठं?"

"तीसेक मैल. मग एका दरीच्या काठाशी संपतो. तिथे गाव नाही, काही नाही. का केला ते कुणाला नक्की सांगता येत नाही."

सहीचं विचारायची हीच वेळ होती. फोल्डर पाठीवरच्या पिशवीत होतं. पण मी आधी भिंतीच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशी बसले. एक दशमी खाल्ली. आणि बसल्या बसल्या मला झोप लागली.

जागी झाले ती दगडावर दगड ठेवल्याच्या आवाजानं. नाना वाटेपासून पाच-सहा पावलं आत, रस्त्यावर होते. बाह्या दुमडलेल्या. रस्त्यात विस्कटून पडलेले दगड उचलून त्यांनी काठाला एका ओळीत लावले होते. ओळ सुंदर होती. दोरी लावल्यासारखी.

"नाना! ठेवा ते! बाहेर या!"

मी त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. ते दचकून उभे राहिले, एक दगड हातातच.

"आगं, मधी दगड पडलेलं. उचललं जरा."

"ते हजार वर्षांचे आहेत! हात लावायला बंदी आहे. कायदा आहे. दंड होतो, केस होते!"

त्यांनी हातातल्या दगडाकडे पाहिलं. मग ओळीकडे. ज्या माणसानं बत्तीस वर्षं रस्त्यातला दगड उचलण्याचा पगार घेतला, त्याला मी एकटं सोडून झोपले होते.

मला काय सुचलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. अर्जातला तो रकाना डोळ्यांपुढे आला: कधी कोणता कायदा मोडला आहे का, कधी नोटीस झाली आहे का. सहा महिन्यांची माझी मेहनत त्या रकान्यात अडकणार होती. मी म्हटलं, "चला, निघू. कोणी बघितलं नाही."

"आसं कसं? सांगाय पायजे."

"कोणाला सांगायचं?"

"हितला मुकादम आसंल की कोनीतरी."

"नाना, तुमच्या कागदांना अडचण येईल. तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय," ते म्हणाले. हातातला दगड त्यांनी ओळीत ठेवला नाही. मागे चार पावलं जाऊन, वाकून, मातीतला एक खळगा शोधून त्यात बसवला. "एकवीस हायत. ह्यो यक झाला. बाकीच्याला आता हात लावत न्हाय. त्यास्नी बगू दे."

चिरेतून खाली उतरताना ते पुढे, मी मागे.

खाली त्या जागेची राखण करणाऱ्या सरकारी कचेरीत एक रेंजर बाई होत्या, पन्नाशीच्या, राखाडी वेणी. नाना टेबलासमोर ताठ उभे राहिले, खात्यात साहेबांसमोर राहायचे तसे, आणि मला म्हणाले, "सांग." मी सांगितलं. नाना काय काम करायचे तेही सांगितलं. बाईंनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "कुठला दगड कुठे होता ते त्यांना आठवतं?"

"सगळं ठाव हाय."

"मग उद्या सकाळी आठ वाजता वर येऊन मला दाखवाल?"

"येतो की," नाना म्हणाले. मला रडू आलं. पुन्हा तो पत्र्यासारखा रस्ता दोन वेळा, पुन्हा ती चीर.

चौथा दिवस, पुन्हा कातळावर

सकाळी इतकी थंडी की नानांनी माझ्या आईची शाल कानांवरून बांधली. रेंजरबाई आमच्या पुढे चढल्या. वर पोचल्यावर त्यांनी ती ओळ पाहिली आणि नकळत म्हणाल्या, "काम चांगलं आहे." मग वही काढली, कॅमेरा काढला.

नानांनी हात मागे बांधले होते, चुकून पुढे येऊ नये म्हणून. पायाच्या अंगठ्यानं दाखवायचे, हा त्या झुडपाच्या बुडाशी, ही बाजू वर. बाई तिथे जाऊन वाकायच्या, मातीत दगडाच्या आकाराचा खळगा असायचा. दगडाची उन्हावाऱ्यानं काळवंडलेली बाजू वर येईल असा त्या तो हातमोज्यांनी ठेवायच्या. फोटो काढायच्या. तीन दगड झाल्यावर त्यांनी विचारायचं सोडून दिलं, नुसतं नानांच्या पायाकडे बघू लागल्या.

मधे त्या म्हणाल्या, "माझी आजी इथल्या मूळ लोकांतली. तिच्याकडचे लोक या रस्त्यानं उत्तरेला गेले असं आम्ही मानतो. कधी कधी परत येतात, असंही मानतो. म्हणून दगड जिथले तिथे असलेले बरे."

नानांनी ऐकून मान हलवली. "येनाऱ्याला खुना लागत्यात."

वीस उरले होते, त्यातले अठरा झाले. शेवटच्या दोन दगडांपाशी नाना थांबले. बराच वेळ. वारा शालीचं टोक उडवत होता.

"ह्या दोगांचं मला खात्रीनं सांगता येत न्हाय," ते म्हणाले. "ह्यो हितला आसंल. पन आसंल म्हनून ठिवायचं न्हाय."

बाईंनी ते दोन्ही दगड बाजूला ठेवले, प्रत्येकाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली. मग एका धोंड्यावर बसून छापील कागद काढला. लेखी ताकीद, दंड नाही. पण नोंद राहील. तिचा पुढे काय परिणाम होतो ते मला माहीत नाही, त्या म्हणाल्या. नाव विचारलं. मी सांगितलं. पत्ता विचारला. मी घर नंबर सांगितला, रस्ता सांगितला, शुगर लँड, टेक्सास. त्यांनी लिहिलं.

"काय लिवलं?" नानांनी विचारलं.

"पत्ता."

"कुनाचा?"

"आपला. शुगर लँडचा."

नाना माझ्याकडे बघून हसले. "रेखा, काल तुजं ऐकून खोटं बोललो न्हाय. आज कशाला बोलाय लावतीस? बाईला खरा सांग."

बाई पेन धरून थांबल्या होत्या. सहा महिने मी ज्या उत्तराची वाट बघत होते ते मला मिळालं होतं, आणि ते मलाच भाषांतर करून सांगायचं होतं.

मी सांगितलं. मुक्काम पोस्ट मळेवाडी, तालुका पाटण, जिल्हा सातारा. एकेक अक्षर सुटं करून. बाईंनी शुगर लँडवर एक आडवी रेघ मारली आणि वर, अरुंद जागेत, बारीक अक्षरात मळेवाडी लिहिलं. मग कागद नानांपुढे धरला. खाली सही हवी होती.

नानांनी लगेच केली.

परतताना कच्चा रस्ता गुळगुळीत झालेला होता. ग्रेडर आमच्या आधी जाऊन आला असावा. नानांनी खिडकीतून हात बाहेर काढून, दिसत नसलेल्या त्या माणसाला दोनदा हलवला. माझं फोल्डर मागच्या सीटवर होतं. मी ते उघडलं नाही, त्यांनीही काही विचारलं नाही. क्यूबाला थांबून पुन्हा लाल-हिरवी खाल्ली.

सात मेला त्यांना विमानात बसवलं. आता रविवारी फोन केला की मी आधी मोऱ्यांचं विचारते. दुसऱ्या वळणाजवळच्या मोरीत मोठं झाड अडकलं होतं, ते काढायला चार दिवस लागले. गुडघा दुखतो. मी ओरडते, ते म्हणतात, "बगू."

तुमच्यापैकी कोणी चाकोला गेलं तर स्पेअर चाक तपासून घ्या, पाणी भरपूर न्या, चर बघून गाडी चालवा. माळावर पडक्या वाड्यामागे उकिडवं बसलात तर गवताच्या रंगात रस्ता दिसेल. काठापाशी दोन दगड वेगळे पडलेले दिसतील, कदाचित चिठ्ठ्या अजून बांधलेल्या असतील. त्यांची जागा कुठली ते अजून कुणाला ठरवता आलेलं नाही. त्यांना हात लावू नका. नानांनी मुद्दाम सांगायला सांगितलंय.